लोकमान्यांच्या वजनाची कथा

महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरला उपवास करणाऱ्या भाविकाला दुसऱ्या दिवशीचे पारणे ठाऊक असते. तुरुंगातल्या माणसाला असा दिवस ठाऊक नसतो. अन्न तुटणे, देह झिजणे आणि मोठ्या कष्टाने पुन्हा भरून येणे हे चक्र लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांच्या आयुष्यात वारंवार फिरले.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक तरुणपणी प्रकृतीने किरकोळ होते. १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल होताच त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे शरीर कमावण्यात घालवले. तालीम, पोहणे, होडी वल्हवणे आणि त्याला साजेसा आहार हा त्यांचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम होता. परीक्षा हातची गेली, पण देह कमावला. पुढच्या आयुष्यात याच पुंजीतून त्यांना पुनःपुन्हा खर्च करावा लागला.

पहिला मोठा खर्च १८८२ मध्ये झाला. कोल्हापूरच्या दिवाणांची अब्रुनुकसानी केल्याच्या खटल्यात टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी दोघे सुटले, तेव्हा टिळकांचे वजन २४ पौंडांनी, म्हणजे सुमारे ११ किलोंनी, आणि आगरकरांचे १६ पौंडांनी घटलेले होते. टिळकांची प्रकृती पुन्हा सावरली. मुळातच दम्याने पीडित असलेले आगरकर मात्र १८९५ मध्ये, चाळिशीच्या आतच गेले.

सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या जेवणात कांदा-लसूण असे आणि ते त्यांना चालत नसे. कोरडी भाकरी पाण्यात भिजवून खाण्याची पाळी आली आणि वजन झपाट्याने उतरले. ते हिंडतेफिरते राहिले तरी पुरे, अशी काळजी बाहेर व्यक्त होऊ लागली. पुढे आहारात काहीशी सवलत मिळाली. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी केलेल्या विनंतीनंतर ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची सुटका झाली. त्यांनी सिंहगड गाठला. गडाच्या हवेत देह पुन्हा भरू लागला आणि त्याच वर्षाअखेरीस ते मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला आणि तेथून सिलोनला गेलेसुद्धा!

मंडालेची गोष्ट वेगळी. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वय बावन्न होते आणि सोबतीला मधुमेह होता. आता अन्न मिळाले तरी मनसोक्त खाता येणार नव्हते. भात-पोळी वर्ज्य करून ते सातूच्या पिठाचे पदार्थ आणि दूध यांवर राहिले. पथ्याचा कंटाळा कोणाला येत नाही? पण ते त्यांनी निगुतीने सांभाळले आणि त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले. पत्नी सत्यभामाबाई यांचे १९१२ मध्ये पुण्यात निधन झाले. ही वार्ता त्यांना तुरुंगातच सोसावी लागली. जून १९१४ मध्ये सुटून आलेल्या टिळकांच्या देहात सिंहगडावरच्या वेळची उभारी राहिली नव्हती.

तरीही मे १९१७ मध्ये त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरल्या नाशकात होमरूल लीगच्या वार्षिक समारंभात साठी ओलांडलेले टिळक उभे राहिले. आपले शरीर म्हातारे झाले असले तरी मन तरुण आहे, अशा आशयाचे त्यांचे भाषण गाजले. मधुमेह मात्र सुटला नव्हता. त्यातच १९१८ मध्ये इंग्लंडचा प्रवास झाला आणि तेथे वर्षभराहून अधिक काळ दगदग झाली.

जुलै १९२० मध्ये मुंबईच्या सरदारगृहात ते तापाने आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा देह पद्मासनात बसवून, भर पावसात लाखोंच्या गर्दीतून गिरगाव चौपाटीवर नेण्यात आला.