शिऊरची बहिणाबाई

या अंकी आम्ही अशा एका माउलीचे चरित्र सांगावयास घेत आहोत, की जिचा अभंग प्रत्येक वारकऱ्याच्या तोंडी आहे, पण जिचा संसार मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. आपल्या पंथाच्या इमारतीचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा बहिणाबाईंच्या नावचा अभंग आपण नित्य म्हणतो. टाळ खाली ठेवला की आपले काम झाले! ही बाई कोण, कुणाची लेक, कुणाची बायको, तिच्या पाठीवर काय काय उतरले, हे विचारायला कुणाला सवड नाही.

आधी एक खुलासा केलेला बरा. हल्ली बहिणाबाई म्हटले की पुष्कळांना जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आठवतात. त्याही थोरच. पण आम्ही सांगतो आहोत त्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबारायांच्या शिष्या. आणि त्यांचे चरित्र आपल्याला कुणा महिपतीबुवांच्या पोथीवरून शोधावे लागत नाही. त्यांनी स्वतःच ते अभंगांतून सांगून ठेवले आहे. जुन्या मराठीत बाईमाणसाने आपला जन्म असा उकलून सांगितल्याचे उदाहरण विरळाच. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन पाद्रीसाहेबांनी ते इंग्रजीतही नेले. परक्या मुलखातल्या माणसाला ते वाचावेसे वाटले, तर आपल्याला का वाटू नये?

वेरूळच्या पश्चिमेस देवगाव म्हणून गाव आहे, त्याला देवगाव रंगारी म्हणतात. तेथील कुलकर्णी आऊजी व त्यांची पत्नी जानकी यांच्या पोटी शके १५५०, म्हणजे सन १६२८ च्या सुमारास बहिणाचा जन्म झाला. मूल होत नव्हते म्हणून आईबापांनी वेरुळास अनुष्ठान केले, त्यानंतर ही मुलगी झाली. मागून भाऊही झाले. मुलगी भातुकली खेळण्याच्या वयाची, तोच तिचे लग्न उरकले. नवरा शिऊरचा. रत्नाकर पाठक हे त्याचे नाव. ज्योतिष जाणणारा, वैदिक घराण्यातला, पण दुसरेपणाचा आणि वयाने तिशीतला. त्या काळी यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आज आम्हांला वाटते, ते आम्ही लपवीत नाही.

पोर नऊ वर्षांची झाली आणि माहेरचे दिवस फिरले. भाऊबंदांचा तंटा, त्यात देणे अंगावर आलेले. शेवटी जावयानेच पुढाकार घेतला आणि सासू, सासरे, मुले, बायको असे सारे बिऱ्हाड घेऊन रात्रीच्या वेळी गाव सोडले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. या माणसाविषयी पुढे कडू बोलावे लागणार आहे, तेव्हा त्याने सासरच्यांना वाऱ्यावर सोडले नाही, हेही वाचकांनी गाठीशी बांधावे.

मग सुरू झाली वणवण. पायी चालायचे, वाटेत कोरान्न मागायचे, मिळेल तेथे पाठ टेकायची. याच वाटेवर बहिणाने पंढरी पाहिली. आईबापांचे हाल चाललेले, पण पोरीचे मन मात्र त्या राउळात गुंतून राहिले. शिंगणापूरचा महादेव झाला. पुढे रहिमतपुरास काही काळ ठिकाणा लागला, तोही उठला. अखेर मंडळी कोल्हापुरास आली तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती. तेथे एका वेदज्ञ ब्राह्मणाने आपल्या घरात आसरा दिला.

कोल्हापुरात त्या वेळी जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने होत असत. बहिणाच्या कानावर तुकोबांचे अभंग पडले ते तेथेच. तुकोबांना तिने पाहिलेले नाही, देहू कुठे तेही ठाऊक नाही. केवळ शब्द ऐकले आणि त्या शब्दांचे वेड लागले. घरच्या यजमानांना एक गाय दानात आली होती, ती त्यांनी पाठकांना दिली. गाय व्याली. त्या वासराला बहिणाचा असा लळा लागला, की ती पाण्याला निघाली तर ते पाण्याला, ती कीर्तनाला निघाली तर ते कीर्तनाला. तिच्याशिवाय ते दूधही तोंडी घेईना. एके दिवशी कीर्तनाला फार दाटी झाली, म्हणून कुणीतरी वासराला ओढून बाहेर काढले. वासरू बाहेर हंबरू लागले, आत पोर रडू लागली. स्वामींनी ते पाहिले, वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

झाले! गावभर बोभाटा. कुणी धन्य धन्य म्हणाले, कुणी तोंड वेंगाडले. कोण कुठल्या भिकाऱ्याची बायको आणि चारचौघांत गोसाव्याने तिच्या डोक्यावर हात ठेवावा, हे बोलणे नवऱ्याच्या कानी गेले. त्याने घरी येऊन तिला मारले. साधे मारले नाही, बांधून मारले.

आम्ही आजवर ही कथा किती तरी ठिकाणी ऐकली आहे. बुवा येथपर्यंत आले की एक तर झरझर पुढे जातात, नाही तर देव भक्ताची कसोटी पाहतो असे म्हणून वेळ मारून नेतात. बहिणाबाईंनी मात्र तसे केलेले नाही. मार बसला, दुखले, आणि का बसला हे मला कळले नाही, असा त्यांचा सरळ सांगण्याचा रोख आहे. त्या नवऱ्याला शिव्या देत नाहीत, पण झाकूनही ठेवत नाहीत. ज्या घरात बाईच्या अंगावर हात उठतो, त्या घरच्या माळकऱ्याने हा भाग दोनदा वाचावा, एवढेच आमचे मागणे.

तिकडे गोठ्यात गायीने व वासराने वैरण सोडली. पुढे वासरू गेले. बहिणा तीन दिवस निचेष्ट पडून होती. आणि कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबाराय स्वप्नात आले. मस्तकी हात ठेवून त्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. गुरू असा भेटला, कोल्हापुरात, स्वप्नात.

आता खरे संकट उभे राहिले. नवरा वेदपाठी ब्राह्मण. त्याच्या बायकोने देहूच्या वाण्याला गुरू करावे? गावची माणसे दर्शनाला येऊ लागली, तिचे पाय धरू लागली, हे तर त्याला मुळीच सोसेना. बायकोचा मान वाढला म्हणजे आपला गेला, असे त्याला वाटले. त्याने सासूसासऱ्यांना सांगून टाकले, की ही तुमची मुलगी तुम्ही सांभाळा, मी घर सोडून निघालो. बहिणाबाईंना तेव्हा तिसरा महिना होता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. एकीकडे ज्याच्या नावाने जीव वेडा झाला तो विठ्ठल आणि ज्याने मंत्र दिला तो सद्गुरू. दुसरीकडे पोटातले मूल आणि पाठ फिरवून निघालेला धनी. दगडाच्या देवासाठी आणि स्वप्नातल्या गुरूसाठी हातातला संसार का घालवावा, असा विचार त्या माउलीच्या मनात आला. होय, तुकोबांच्या शिष्येच्या मनात आला! आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने संत म्हणून मान दिला तरी तिने तो अभंगांतून पुसून टाकला नाही. नवऱ्याची सेवा हाच आपला देव, असे तिने ठरविले. ते नुसते भीतीपोटी होते की त्यात भावही होता, याचा निवाडा करणारे आम्ही कोण? आमच्या मते दोन्ही होते. पण एक खरे, तिने मुखातले नाम सोडले नाही.

निघायच्या दिवशीच नवऱ्याला ताप भरला. अंगाचा दाह होऊ लागला, औषध चालेना. महिनाभर असे गेले. जिला बांधून मारले तीच रात्रंदिवस उशाशी बसली. पडल्या पडल्या माणसाला विचार सुचतो. आपण संताची निंदा केली त्याचे हे फळ, असे त्याच्या मनाने घेतले. बरा झाला तो दुसराच माणूस होऊन. आता त्यानेच बिऱ्हाड उचलले, गाय बरोबर घेतली आणि सारे देहूला आले. तुकोबा देवळात आरती करीत होते. ज्या वाण्याच्या नावाने घरात आग लागली होती, त्याच्यापुढे पाठकांनी दंडवत घातला.

देहूतही सुख लागू नये असेच होते. मंबाजी गोसाव्याने बहिणाबाईंना आपली शिष्या हो म्हणून गळ घातली. आपला गुरू ठरला आहे असे कळताच तो चिडला. त्यांची गाय त्याने लपवून ठेवली व तिला मारली. त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. पुढे मंबाजीच्या घराला आग लागली तेव्हा गायीच्या हंबरण्याने तिचा पत्ता लागला आणि ती वाचली. याच देहूत बहिणाबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली, तिचे नाव काशी ठेवले. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. इंद्रायणीकाठी तीन दिवस मौन धरून बसल्या असता तुकोबांच्या कृपेने त्यांना अभंगाची स्फूर्ती झाली.

त्यानंतर शिऊर. सासरच्या गावी येऊन त्यांनी उरलेला जन्म काढला. समर्थ रामदासांचाही सहवास त्यांना घडला व समर्थांनी दिलेला मारुती शिऊरास पूजेत आहे, असे तेथील परंपरा सांगते. या काळातल्या त्यांच्या एका कामाविषयी मात्र आम्हांस आवर्जून लिहावेसे वाटते. वज्रसूची नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. ब्राह्मण म्हणावे कुणाला, हा त्याचा प्रश्न. जीव ब्राह्मण का, देह ब्राह्मण का, जात, पांडित्य, कर्म ब्राह्मण का, असे एकेक विचारून तो सारे बाजूस सारतो आणि ज्याला आत्मज्ञान झाले तोच ब्राह्मण असे ठरवितो. बहिणाबाईंनी तो मराठीत आणला. कोल्हापूरच्या त्या घरात नवऱ्याने जातीची जी गोष्ट काढली होती, तिचे उत्तर या बाईने असे दिले. भांडून नव्हे, शास्त्र घेऊन. आणि याच लेखणीने पतिव्रताधर्माचेही अभंग लिहिले! आजच्या वाचकाला हे कोडे वाटेल. ज्याने घर केले आहे त्याला फारसे वाटणार नाही.

शके १६२२, सन १७००. वय बहात्तरीला आलेले. सून रुक्मिणी वारली होती आणि तिच्या उत्तरक्रियेसाठी विठोबा परगावी गेला होता. आपला देह पाच दिवसांत पडणार हे जाणून म्हातारीने मुलाला पत्र धाडले, असशील तसा निघून ये. बायकोचे सुतक डोक्यावर, त्यात आईचे हे पत्र. पोरगा धावत आला. आई शुद्धीत होती, शांत होती. तुला कसे कळले, असे त्याने विचारले असावे. तिने त्याला जवळ बसवून आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. हा तेरावा, आणि हा शेवटचा. मागच्या जन्मांतही तू माझ्याबरोबर होतास, हेही सांगितले. जिने सारा जन्म बिऱ्हाडे उचलली, तिने अखेरचे बिऱ्हाड उचलताना लेकाला एकटे वाटू दिले नाही.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला. घरोघर घट बसण्याचा तो दिवस. शिऊरास, वैजापूर तालुक्यात, त्यांची समाधी आहे. वेरूळ-घृष्णेश्वराला जाणाऱ्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करावी. घटस्थापनेला जमले तर फारच उत्तम.