झाशीचे दद्दा : मेजर ध्यानचंद

झाशीला राहतो असे सांगितले की महाराष्ट्रातले आपले नातेवाईक लगेच राणी लक्ष्मीबाईंचे नाव घेतात. ते साहजिकच आहे. पण या गावाने जगाला दिलेले आणखी एक मोठे नाव आहे आणि ते आपल्या मराठी घरांतून तितकेसे बोलले जात नाही. ते नाव म्हणजे मेजर ध्यानचंद. बुंदेलखंडात त्यांना आदराने ‘दद्दा’ म्हणतात, आपण थोरल्याला दादा म्हणतो तसे. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि तो पुष्कळदा गणेशोत्सवाच्या मागेपुढे येतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावे असे मनात आले. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनीअर, लेखणीपेक्षा हातोडीची सवय जास्त. तेव्हा वाचकांनी गोड मानून घ्यावे.

त्यांच्या काठीत लोहचुंबक होते वगैरे कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या मी इथे सांगत नाही, कारण जादू म्हटले की मेहनत झाकली जाते. हा माणूस खेळ शिकला कसा आणि पुढे त्याने तो शिकवला कसा, एवढेच मला सांगायचे आहे.

ध्यानचंदांचा जन्म १९०५ साली अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला झाला. वडील समेश्वर दत्त सिंग फौजेत होते. पलटण हलली की बिऱ्हाड हलायचे. अखेर झाशीत घरासाठी जागा मिळाली आणि कुटुंब इथे स्थिरावले. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळेचे काय होते हे आपल्या रेल्वे कॉलनीत कोणाला सांगायला नको. ध्यानचंदांची शाळा सहा वर्षांतच संपली. लहानपणी त्यांना नाद होता तो कुस्तीचा. हॉकीची काठी त्यांनी खऱ्या अर्थाने हातात धरली ती फौजेत गेल्यावर.

१९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते ब्राह्मण पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. तिथे सुभेदार-मेजर बाले तिवारी या हॉकीवेड्या गृहस्थांनी त्यांना खेळाचे पहिले धडे दिले. दिवसभर ड्यूटी असायची, त्यामुळे ध्यानचंद रात्री चांदण्यात सराव करीत. मूळ नाव ध्यानसिंग. चंद्र उगवला की हा मैदानात उतरतो म्हणून सोबत्यांनी ‘चंद’ जोडले आणि तेच नाव पुढे जगाला माहीत झाले.

१९२६ साली फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले, एक हरला. परत आल्यावर शिपाई ध्यानचंद लान्स नाईक झाले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. त्यांतले १४ एकट्या ध्यानचंदांचे. १९३२ साली लॉस एंजेलिसला हॉकीत तीनच संघ होते. तिथे आपण जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. अमेरिकेविरुद्ध धाकटे बंधू रूपसिंग यांनी १० आणि ध्यानचंदांनी ८ गोल केले. झाशीच्या एका घरातून एका सामन्यात अठरा गोल!

पण स्वतः ध्यानचंदांना आपला सर्वांत चांगला सामना विचारला तर ते यांपैकी कुठलाच सांगत नसत. ते सांगत १९३३ सालचा कलकत्त्याचा बेटन कप. त्या वर्षी आपला गावचा संघ ‘झाशी हीरोज’ अंतिम सामन्यात कलकत्ता कस्टम्सविरुद्ध उतरला. कस्टम्सचे दडपण वाढले होते. अशा वेळी ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यावरून एक लांब पास इस्माईलकडे काढून दिला. इस्माईल अर्धे मैदान धावत गेला, त्यांच्या बचाव खेळाडूत आणि गोलकीपरमध्ये क्षणभर घोटाळा झाला, तेवढ्यात त्याने गोल केला. सामना १-० ने झाशीचा. हजाराच्या वर गोल केलेल्या माणसाला जो सामना सर्वांत प्रिय, त्यात गोल त्याचा नव्हता, पास त्याचा होता. माझ्या मते शिक्षकाचा पिंड इथेच दिसतो.

१९३६ ला बर्लिन ऑलिंपिक. ध्यानचंद आता कर्णधार होते. स्पर्धेआधी १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला आणि आपण ४-१ असे हरलो. कर्णधाराची झोप उडाली. संघात कुठे कमी पडते याचा विचार झाला आणि हिंदुस्थानातून अली दारा या खेळाडूला विमानाने बोलावून घेतले. दारा उपांत्य सामन्यापूर्वी पोहोचले आणि फ्रान्सविरुद्धचा तो सामना आपण १०-० ने जिंकला. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला झाला. सामन्यापूर्वी संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी तिरंगा बाहेर काढला आणि सर्वांनी त्याला वंदन केले. तेव्हा त्या तारखेचा पुढे काय अर्थ होणार हे कोणाला ठाऊक होते! मध्यंतराला स्कोअर होता फक्त १-०. ओल्या मैदानावर खिळ्यांच्या बुटांनी वेग येईना, तेव्हा ध्यानचंदांनी ते काढले आणि रबरी तळव्यांचे बूट घातले. ट्रॅकवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार पटते. जमीन बदलली की पकड बदलते, आणि ते ओळखावे लागते. सामना आपण ८-१ ने जिंकला.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिचा अभिमान आपण मराठी मंडळींनी विशेष बाळगावा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही तिथे गेले होते आणि त्यांनी परदेशी लोकांना कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या त्या आखाड्यातून पुढे शारीरिक शिक्षणाचे पदवी आणि पदव्युत्तर कॉलेज उभे राहिले. एकीकडे झाशीचा लष्करी जवान, दुसरीकडे वऱ्हाडातला आखाडा. खेळ ही रीतसर शिकायची आणि शिकवायची गोष्ट आहे, हे दोघांनीही दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धाने पुढची दोन ऑलिंपिके गिळली. १९५२ साली ध्यानचंदांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९५६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतरचा भाग लोकांना कमी माहीत आहे. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. देशातले खेळाचे प्रशिक्षक तिथे तयार होतात. तिथे ध्यानचंदांनी हॉकीचे मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. ज्यांची शाळा सहा वर्षांत सुटली, ते प्रशिक्षकांचे शिक्षक झाले.

आता मुद्द्याचे बोलतो. माझ्या थोरल्या मुलीला बी.ए. नंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि मग एम.पी.एड. करायचे आहे. घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे मला विचारतात की खेळायला पदव्या कशाला, ध्यानचंद कुठल्या कॉलेजात गेले होते? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण ध्यानचंदांना बाले तिवारी भेटले, पलटणीचे मैदान मिळाले, रोजची शिस्त मिळाली आणि समोर तोलामोलाचे खेळाडू मिळाले. तेच त्यांचे कॉलेज होते. ते भाग्य हजारात एकाच्या वाट्याला येते. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव मुलांना चांगला शिक्षक मिळावा म्हणूनच ही कॉलेजे आहेत. त्या अभ्यासक्रमात नुसते पळणे नसते. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यंत्रशास्त्र, खेळाचे मानसशास्त्र, असे विषय असतात.

आमच्या लाइनवर जुना कीमन रुळावर हातोडी मारून आवाजावरून सांगतो की कुठे काही ढिले आहे. तरीही आम्ही अल्ट्रासॉनिक तपासणी करतोच, कारण त्याचा कान दुसऱ्याला देता येत नाही आणि तपासणीची पद्धत मात्र शिकवता येते. मी डिप्लोमावर नोकरीला लागलो. हाताच्या ज्ञानाची किंमत मला कळते, आणि म्हणूनच ते पुस्तकात उतरवून पुढच्याला देण्याची किंमतही कळते.

शिवाय हे शिक्षण आपल्या अंगणात आहे. १८५७ ला शंभर वर्षे झाली म्हणून १७ ऑगस्ट १९५७ रोजी ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज सुरू झाले आणि त्याला नाव दिले आपल्या झाशीच्या राणीचे. १९९५ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. झाशीहून गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता. त्याच ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत रूपसिंग होते. त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर २०१० साली सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाला नाव कोणाचे, हे मात्र किती जणांनी पाहिले?

ध्यानचंदांचे शेवटचे दिवस झाशीत साधेपणाने गेले. यकृताच्या कर्करोगाने ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव झाशीला आणले आणि अंत्यसंस्कार स्मशानात न होता झाशी हीरोजच्या मैदानावर झाले. मरणानंतर मान पुष्कळ मिळाला. टपाल तिकीट निघाले, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला त्यांचे नाव लागले, २०२१ साली खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाने झाला. गावातल्या टेकडीवर त्यांचा भव्य पुतळा उभा आहे.

पुतळा दुरून दिसतो, मैदान मात्र जवळ जाऊनच पाहावे लागते. पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला आणि राणीमहाल दाखवतो. यापुढे त्यांना आणि आपल्या मुलांना हीरोजचे मैदानही दाखवूया. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने खेळ शिकवण्याचेच शिक्षण घ्यायचे म्हटले, तर तिला मार्कशीट दाखवायला सांगण्याआधी, रोज पहाटे किती वाजता उठतेस, हे विचारूया. दद्दांच्या गावात तेवढी प्रवेश परीक्षा पुरे.