विश्वासाची लस : वाल्देमार हाफकिन यांची कहाणी

गोव्याहून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे बेळगावात शिरणाऱ्या प्रवाशाला पिरनवाडी मागे पडताच उद्यमबागेतील कारखान्यांची रांग लागते. भट्ट्या, लेथ, लोखंडाचे ओतकाम आणि पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्यावर उसळणारी कामगारांची गर्दी हे या भागाचे नित्याचे चित्र. तेथून टिळकवाडीकडे गेले की दाट झाडीने वेढलेला एक विस्तीर्ण परिसर येतो. बेळगावकर त्याला व्हॅक्सिन डेपो म्हणतात. पहाटे फिरायला येणाऱ्यांना तो झाडांसाठी ठाऊक असतो. पण हे नाव पडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सुरू झालेल्या, देवीची लस तयार करणाऱ्या संस्थेमुळे. कोविडच्या काळात उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांना लस पोचविण्याचे प्रादेशिक केंद्र बेळगावच होते. त्या वेळी लस घ्यावी की नाही, सरकार सांगते ते खरे की मोबाईलवर येते ते खरे, असे प्रश्न उद्यमबागेच्या चहाच्या टपऱ्यांवरही विचारले गेले आणि सीमेपलीकडे गोव्यातही. हे प्रश्न नवे नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात ते अधिक तीव्रतेने विचारले गेले होते आणि त्यांच्या केंद्रस्थानी एक परदेशी शास्त्रज्ञ उभा होता. त्याचे नाव वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यात, काळ्या समुद्राच्या परिसरातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे एली मेचनिकॉव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात ज्यूंवर संघटित हल्ले होत. अशा हल्ल्यांपासून आपल्या वस्तीचे रक्षण करण्यासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीने ते सुटले. धर्मांतर केले असते तर प्राध्यापकपद मिळाले असते, पण ते त्यांनी नाकारले. राज्यसत्ता आणि सामान्य माणूस यांच्यातील अविश्वास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ काढून ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांच्या संस्थेत मेचनिकॉव्ह आधीच पोचले होते. तेथे हाफकिन यांना जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या कामाची. पुस्तके सांभाळता सांभाळता मोकळ्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. त्यातूनच पटकीवरील लस सिद्ध झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. मग काही मित्रांनी ती घेतली. तरीही विद्वानांचा विश्वास बसेना. पटकीने पोळत असलेल्या रशियानेही ती नाकारली. अखेर पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत आणि हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना हिंदुस्थानची वाट दाखविली.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. रशियातून आलेला माणूस म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांना ते हेर वाटत आणि साहेबी पोशाखातला गोरा म्हणून देशी लोक त्यांच्यापासून दूर राहत. शास्त्रज्ञाला लोकांनी सरकारचा माणूस समजावे आणि सरकारने त्याला परका समजावे, अशी ही दुहेरी कोंडी होती. त्यातून मार्ग काढण्यासाठी त्यांनी बंगाली डॉक्टरांना बरोबर घेतले आणि कलकत्त्याच्या दाट वस्त्यांत काम सुरू केले. १८९४ च्या वसंतात काट्टल बागान या वस्तीत पटकी फैलावली, तेव्हा सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे जे आजारी पडले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. दोन वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचून झाली. या धावपळीत हाफकिन हिवतापाने खंगले आणि १८९५ साली त्यांना युरोपला परतावे लागले. प्रकृती सावरताच ते पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. त्यांच्या निदानावर आरंभी अनेकांनी शंका घेतली. रोगाला प्लेग म्हटले की व्यापार बसतो, बंदरे बंद होतात, गावे रिकामी होतात, हे साऱ्यांना दिसत होते. पण रोग लपून राहिला नाही. शहर रिते होऊ लागले आणि ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि ओसरी एवढीच त्यांची प्रयोगशाळा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू खाली लोंबत्या धाग्यांसारखे भरपूर वाढतात, हे त्यांना आढळले. ते जंतू उष्णतेने मारून लस बनवायची, अशी ही पद्धत होती. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती कॉलेजच्या प्राचार्यांना साक्षी ठेवून स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, पण मृत्यू एकही झाला नाही. दोन्ही गट एकाच भिंतीआड राहत होते आणि एकच अन्न खात होते, म्हणून या तुलनेला वजन आले.

मात्र तुरुंगाबाहेर वातावरण निराळे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कोविडच्या काळात सरकारांनी ज्याचा आधार घेतला तोच हा कायदा. त्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता दिली. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू केल्या. देवघरे, माजघरे आणि स्वयंपाकघरे तुडवली गेली, रोग्यांना घरच्यांपासून ओढून नेले, सामान जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे हे लोकमान्य टिळकांना मान्य होते. त्यांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला होता. त्यांच्या पत्रांचा रोख होता तो अंमलबजावणीतील जुलुमावर. पण सरकारने ही टीका ऐकून सुधारणा करण्याऐवजी राजद्रोहाचा खटला भरून टिळकांना १८ महिन्यांच्या तुरुंगवासात धाडले. लोकांनी यातून सरळ अर्थ काढला. सरकार जे करते ते आपल्या भल्यासाठी नाही, असा ग्रह पक्का झाला आणि त्याची झळ लशीलाही लागली. लशीने माणूस मरतो, नपुंसक होतो, तिच्यात निषिद्ध मांस असते, अशा वावड्या गावोगाव पसरल्या. मांसाबाबतची भीती ओळखून हाफकिन यांनी गाय आणि डुक्कर वर्ज्य करून शेळीचे मांस वापरले. अफवेला हसून उडवून न लावता तिच्यामागची खरी चिंता दूर करण्याचा हा मार्ग होता.

या साऱ्यात एक गोष्ट हाफकिन यांनी सोडली नाही. लस सक्तीने द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. लोकांनी पाहावे, मोजावे आणि मग ठरवावे. आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. ज्या माणसावर समाजाचा आधीपासून विश्वास आहे त्याने पुढे होऊन दंड उघडा केला, तेव्हा हजारो खोजांनी मागोमाग लस घेतली.

गोव्याच्या वाचकाला जवळचा वाटावा असा अनुभव दमणचा आहे. दमण तेव्हा पणजीहून चालणाऱ्या पोर्तुगीज राज्याचा भाग होते. १८९७ च्या आरंभी तेथे प्लेगने थैमान घातले. त्या गावात उरलेल्या ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी हाफकिन यांची लस घेतली. त्यांच्यातील ३६ जण दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मृत्युमुखी पडले. म्हणजे एकीकडे शंभरात दोघांहून कमी आणि दुसरीकडे जवळजवळ चौघांत एक.

पुढे रोग रेल्वेच्या आणि व्यापाराच्या वाटांनी दक्षिणेकडे सरकला. बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग ही गावे त्याच्या तडाख्यात सापडली. घरात उंदीर मरून पडला की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, ही आठवण सीमाभागातील जुन्या घराण्यांत अनेक पिढ्या सांगितली गेली. १८९८ साली हुबळीत स्थानिक डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी लसीकरणाची मोठी मोहीम काढली आणि ३० हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणाच्या जाचातून सवलत मिळे, हेही त्यामागचे एक कारण होते. बडोदा संस्थानातील उंढेरा गावी तर हाफकिन यांनी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस देऊन उरलेल्यांशी तुलना केली. रोग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ पैकी तिघे मेले. न घेतलेल्या ६४ पैकी २६. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांतील हा फरक कोणालाही समजण्याजोगा होता. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही या आकड्यांतूनच उघड होत होते आणि हाफकिन यांनी ते दडवले नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. लाखो मात्रा तेथून बाहेर पडू लागल्या. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उगवला. पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. चौकशी नेमली गेली. बाटली परळहून निघतानाच दूषित होती, असा ठपका ठेवला गेला. लस बनविण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी केलेला बदलही दोषी ठरवला गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःच्या देहावर आधी प्रयोग केला, त्याच्यावर निष्काळजीपणाचा डाग लागला.

वास्तविक बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तेव्हा ज्ञात होते. लस बाटलीतच दूषित असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी ती आढळली नव्हती. पण ही बाजू बाहेर यायला वर्षे लागली. हाफकिन लंडनला गेले आणि न्याय मागत राहिले. अखेर मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्रे लिहून हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. पुण्यात वृत्तपत्राला तुरुंग दाखविणाऱ्या राज्यकर्त्यांना येथे वृत्तपत्राच्याच दबावाखाली नमावे लागले.

तरीही गेलेले पूर्ण परत आले नाही. मुंबईतील त्यांची जागा दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्यात प्रयोगशाळा मिळाली, पण लोकांवर लशीचे प्रयोग करण्याची मुभा नव्हती. मुलकोवालच्या बातमीने गावागावांत बसलेली भीतीही निर्दोषत्वाच्या बातमीने गेली नाही. आरोप वेगाने पोचतो आणि खुलासा मागून रखडत येतो, हे त्या काळातही खरे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हाफकिन निवृत्त होऊन युरोपला परतले. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले आणि आपली पुंजी त्यासाठी ठेवली. अविवाहित राहिलेल्या या माणसाचे निधन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९६४ साली स्वतंत्र भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलकोवालच्या त्या १९ कुटुंबांना मात्र या सन्मानांनी काही परत मिळाले नाही. त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांची शंकाही स्वाभाविक होती. शंका घेणाऱ्याला अडाणी ठरवून लशीचे काम पुढे गेले नाही. ते गेले दमणच्या, हुबळीच्या आणि उंढेऱ्याच्या उघड हिशेबांमुळे. आणि जेथे हिशेब झाकला गेला, चूक कोठे झाली हे सांगण्याऐवजी दोष एकाच्या माथी मारला गेला, तेथे लस निर्दोष असूनही लोक मागे हटले. उद्यमबागेतील रोजंदारीच्या कामगाराला लस घेताना ताप आला तर दिवसाची मजुरी बुडेल का, ही चिंता असते. १८९७ सालच्या मुंबईतील गिरणी कामगारालाही तीच होती. तिचे उत्तर आधी देणारा माणूस समोर असेल, तर दंड पुढे करणे सोपे जाते.