पंडिता रमाबाई : विद्वत्तेकडून विनम्रतेकडे

कपिलेच्या तीरावरील श्रीकंठेश्वराचे नंजनगूड आणि तेथून जवळच असलेले म्हैसूर ही नावे आपल्या मराठी कुटुंबांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. याच म्हैसूरच्या दरबारी पूर्वी अनंतशास्त्री डोंगरे नावाच्या पंडितांना आश्रय मिळाला होता. स्त्रीला संस्कृत शिकविण्याचा अधिकार त्यांनी मानला आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. त्यांची कन्या रमाबाई. तिचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात झाला. तिला संस्कृत शिकविले ते आई लक्ष्मीबाईंनी.

पुण्यसंचयासाठी या कुटुंबाने दानधर्मात धन वेचले आणि तीर्थयात्रांत आयुष्य घालविले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नावाचून माता, पिता व थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी देशभर हिंडले. 1878 साली कलकत्त्यातील विद्वानांनी वीस वर्षांच्या या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. तिच्या मुखातील हजारो श्लोक ऐकून सभा थक्क होत असत. अहंकार जडावा असेच ते वय आणि तसाच तो मान होता.

त्यानंतर आघात आले. बंधू निवर्तले. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. 1882 मध्ये पतीला पटकीने नेले. पदरी तान्ही मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्मगुरू सांगतील ते निमूट मानणे त्यांना जमले नाही. विनम्रता म्हणजे विवेक गहाण टाकणे नव्हे, हे त्यांच्या त्या काळातील पत्रव्यवहारातून दिसते.

खरी कसोटी मात्र पुढे होती. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले, नंतर ते पुण्यास आले. कीर्ती सातासमुद्रापार गेली होती. नेमक्या त्याच काळात, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभला नाही. विद्या, त्याग, समाजसेवा यांपैकी कशाच्याही बळावर देवापुढे उभे राहता येत नाही. कृपा मिळते ती पात्रतेवाचून, हे त्यांनी स्वीकारले. श्लोकांची संख्या असो वा उद्धरलेल्या विधवांची, स्वतःच्या पुण्याचा हिशेब मांडण्याचा मोह एकच असतो. रमाबाईंनी हा हिशेब मिटविला.

हिशेब मिटला तसे काम वाढले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 च्या सुमारास तेथे जवळपास दोन हजार जीव राहत होते. त्यात अंध होत्या, वृद्ध होत्या, समाजाने टाकलेल्याही होत्या. ज्या भुकेने आपले घर गिळले, त्याच भुकेतून आलेल्या या मुलींकडे रमाबाईंनी उपकारकर्तीच्या नजरेने पाहिले नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतवर असाधारण प्रभुत्व असलेल्या या विदुषीने त्यासाठी निवडली ती साधी, बोलीतली मराठी. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना कळत नव्हते. ज्या भाषेने पदव्या मिळवून दिल्या, ती त्यांनी या बायकांसाठी बाजूला ठेवली. मुक्तीतील स्त्रियांनीच ग्रंथाची छपाई केली.

1919 साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. 1921 साली एकुलती मनोरमा गेली. त्या दुःखातही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते हातावेगळे होताच, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ प्रसिद्ध झाला 1924 मध्ये. तो पाहण्यास त्या नव्हत्या.

मुलांच्या गुणपत्रिका आणि पदके आपण कौतुकाने जपतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मिळालेले ज्ञान शेवटच्या बाकावरच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगता येणे, ही त्यापुढची इयत्ता. पंडिता रमाबाई ती उत्तीर्ण झाल्या.