डॉ. शिएन वू

अंडें उकळत्या पाण्यांत टाकलें कीं कांहीं मिनिटांतच त्यांतील पारदर्शक, पातळ रस पांढरा व घट्ट होतो, आणि पुढें पाणी गार झालें तरी तो पुनः पातळ होत नाहीं. हा चमत्कार स्वयंपाकघरांत नेहमीं घडतो. म्हणूनच बहुधा त्याजकडे कोणी लक्ष देत नाहीं. लोणी तापविलें तर पातळ होतें व गार झाल्यावर थिजतें. मग अंड्याची गोष्ट उलटी कां? आणि विस्तव न लावतां नुसता मद्यार्क किंवा तीव्र आम्ल ओतलें तरीहि तो रस गोठतो, तो कां? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाची उकल करणारी पहिली सुसंगत उपपत्ति ज्यांनीं मांडली, ते डॉ. शिएन वू हे चिनी शास्त्रज्ञ होत. रक्तांतील साखर मोजण्याच्या रीतीमुळें त्यांचें नांव देशोदेशींच्या रुग्णालयांत पोहोंचलें; परंतु त्यांचें याहूनहि मोठें काम पुष्कळ वर्षें अंधारांत राहिलें.

डॉ. वू यांचा जन्म चीनच्या फूचौ या बंदराच्या शहरीं ता. २४ नोव्हेंबर १८९३ रोजीं झाला. घराणें विद्याव्यासंगी होतें. मुलानें जुने चिनी ग्रंथ मुखोद्गत करावे, सरकारी परीक्षा द्यावी व अधिकारी व्हावें, ही अशा घराण्यांची पिढीजात वहिवाट. बाल शिएनचें शिक्षणहि त्याच मार्गानें सुरू झालें. परंतु १९०५ सालीं चीन सरकारनें ती शेंकडों वर्षांची परीक्षाच बंद केली, आणि वयाच्या बाराव्या वर्षीं या मुलापुढील जुना रस्ता संपला. तो नव्या पद्धतीच्या शाळेंत गेला. बॉक्सर बंडानंतर चीनकडून घेतलेल्या दंडाच्या रकमेंतील कांहीं भाग अमेरिकेनें चिनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं परत केला होता. ती शिष्यवृत्ति मिळवून वू १९११ सालीं बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत दाखल झाले. विषय निवडला जहाजबांधणीचा. फूचौ येथें मोठी आरमारी गोदी होती, आणि १८८४ सालीं फ्रेंच नौकांनीं तेथेंच चीनचा तांडा बुडविला होता. त्या गांवच्या मुलानें जहाजें बांधण्याचें मनांत आणावें यांत नवल नाहीं.

मात्र थोड्याच काळांत हक्स्ले यांचा, जीवनाचा भौतिक आधार काय याविषयींचा निबंध त्यांच्या वाचनांत आला, आणि त्यांचें मन जहाजांवरून उडून सजीवांच्या रसायनाकडे वळलें. एका विषयासाठीं धाडलेल्या मुलानें मध्येंच दुसरा धरावा, हें वडीलधाऱ्यांस सहसा रुचत नाहीं. परंतु येथें तरी तो बदल हितकर ठरला. १९१६ सालीं पदवी घेऊन ते पुढील वर्षीं हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत प्रो. ओटो फोलिन यांचे हाताखालीं संशोधन करूं लागले.

त्या काळीं रक्ताची रासायनिक परीक्षा हें मोठें किचकट काम असे. प्रत्येक पदार्थासाठीं निराळी कृति व निराळें रक्त लागे. त्यांतून रक्तांत प्रथिनांची इतकी गर्दी असते कीं, साखर, युरिया किंवा यूरिक आम्ल मोजण्याच्या आधीं ती दूर केल्यावांचून गत्यंतर नसे. वू यांनीं पाण्यानें पातळ केलेल्या रक्तांत सोडियम टंगस्टेट व सौम्य गंधकाम्ल घातलें. त्यासरशीं सर्व प्रथिनें गोळा होऊन तपकिरी सांका खालीं बसला, आणि गाळून घेतलेलें पाणी स्वच्छ निघालें. त्या एकाच पाण्यांतून पांच-सहा पदार्थ मोजतां येऊं लागले. साखरेसाठीं त्यांनीं अरुंद मानेची एक कांचेची नळी योजिली. तांब्याचें अल्कयुक्त द्रावण तींत तापवितांना हवेचा स्पर्श कमी होई, आणि शेवटीं निळ्या रंगाच्या गडदपणावरून साखरेचें प्रमाण कळे. १९१९ व १९२० सालीं प्रसिद्ध झालेली ही फोलिन-वू पद्धति अनेक दशकें जगभर चालली. आपल्या इकडील रुग्णालयांतहि ती होती. पुढें अधिक नेमक्या पद्धति आल्या व ती मागें पडली.

अमेरिकेंतच राहून नांव कमावणें त्यांस कठीण नव्हतें. परंतु १९२० सालीं ते स्वदेशीं परतले व पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजांत अध्यापक झाले. ही संस्था मूळ १९०६ सालीं इंग्रज व अमेरिकन मिशनांनीं एकत्र येऊन स्थापिलेली. १९१५ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठाननें तिचा भार उचलला होता. १९२४ सालीं जीवरसायन विभागाची मुख्य जागा वू यांस मिळाली. त्याच वर्षीं त्यांचा विवाह येन यांच्याशीं झाला. या बाई कोलंबिया विद्यापीठांत अन्नरसायन शिकून त्यांच्याच विभागांत साहाय्यक म्हणून आल्या होत्या, आणि विवाहानंतरहि प्रयोगशाळेंतील कामांत त्या पतीच्या सहकारी राहिल्या.

रक्ताच्या परीक्षेंत प्रथिनें ही केवळ अडचण होती. पेकिंगमध्यें तोच वू यांच्या अभ्यासाचा विषय झाला. प्रथिनांच्या या पालटास रसायनशास्त्री विकृति म्हणतात. तिच्यांत नेमकें काय होतें याविषयीं त्या वेळीं एकवाक्यता नव्हती. कोणी म्हणत रेणु फुटतो, कोणी म्हणत त्यांतील पाणी कमीजास्त होतें. वू यांस वाटलें कीं, ही विकृति आणणारीं कारणें एकमेकांशीं मुळींच साम्य नसलेलीं आहेत: उष्णता, आम्ल, अल्क, मद्यार्क, युरिया, प्रचंड दाब, इतकेंच काय, नुसतें जोरानें घुसळणें देखील. परिणाम मात्र एकच. तेव्हां रेणूंत असें कांहीं तरी असलें पाहिजे कीं, जें इतक्या निरनिराळ्या आणि कित्येकदां इतक्या सौम्य उपायांनीं ढळतें.

त्यांनीं काढलेला निष्कर्ष पागोट्याच्या दृष्टांतानें समजेल. पागोटें म्हणजे लांबच लांब एक पट्टा. पण तो विशिष्ट रीतीनें गुंडाळून बसविलेला असतो. त्याचा पेंच सुटला तर एक सूतहि तुटत नाहीं, वजन तेंच राहतें, परंतु पागोटें म्हणून तें उरत नाहीं. प्रथिनाचा रेणु ही अमिनो आम्लांची लांब सांखळी. नैसर्गिक स्थितींत ती नियमितपणें घडी घालून घट्ट बसलेली असते, आणि सांखळीच्या निरनिराळ्या भागांमधील दुबळीं आकर्षणें ती घडी धरून ठेवतात. तीं सुटलीं कीं सांखळी न तुटतां उलगडते व सैरावैरा होते, हीच विकृति.

गोठणें ही त्यापुढची पायरी होय. सुटलेलीं दहा पागोटीं एका पेटींत कोंबलीं तर त्यांचा जो गुंता होईल, तसा उलगडलेल्या रेणूंचा होतो. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हें हॅरिएट चिक व मार्टिन यांनीं इंग्लंडांत १९१० च्या सुमारासच दाखविलें होतें. अंड्याचें शुद्ध प्रथिन पुरेशा आम्लाच्या किंवा अल्काच्या पातळ द्रावणांत तापविलें तर तें उलगडतें, पण गोठत नाहीं. द्रावण स्वच्छच राहतें. कारण तेथें सर्व रेणूंवर एकाच जातीचा विद्युत्भार असतो व ते एकमेकांस दूर लोटतात. मग द्रावणाची तीव्रता हळूहळू मारीत गेलें म्हणजे एका ठराविक बिंदूपाशीं तो भार फिटतो, आणि एकदम गुठळ्या होऊन खालीं बसतात. दुधांत लिंबू पिळल्यावर तें नासतें, तेथेंहि भार फिटण्याचीच क्रिया आहे. मात्र दुधांतील केसीन मुळांतच बरेंच सैल असल्यामुळें तेथें उलगडण्याची पहिली पायरी मानण्याचें कारण नाहीं. दोन्ही गोष्टी दिसावयास सारख्या, म्हणून त्या एकच समजण्याचा मोह होतो.

ही कल्पना वू यांनीं १९२९ सालीं बोस्टन येथील आंतरराष्ट्रीय शरीरशास्त्र परिषदेंत प्रथम मांडली, आणि १९३१ सालीं आपल्या लेखमालेंतील तेराव्या लेखांत ती सविस्तर लिहिली. लेख इंग्रजींत होता. पण नियतकालिक पेकिंगचें. यूरोप-अमेरिकेंत तें फारसें कोणी उघडीत नसे. १९३६ सालीं मर्स्की व पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं जवळजवळ हाच सिद्धांत, हायड्रोजनच्या दुबळ्या बंधांची त्यांत भर घालून, प्रसिद्ध केला, आणि श्रेय सहजच त्यांच्याकडे गेलें. त्यांनीं कोणाचें चोरलें असें म्हणण्यास कांहींहि आधार नाहीं. परंतु वू यांच्या वाट्यास जें आलें तें न्यायाचें होतें असेंहि म्हणवत नाहीं.

वू यांचें लक्ष प्रयोगशाळेच्या चार भिंतींतच राहिलें नाहीं. गरीब चिनी माणूस काय खातो व त्यानें त्याचें पोषण कितपत होतें याचा त्यांनीं कसून शोध घेतला. केवळ शाकाहारावर वाढविलेले उंदीर खुरटे राहतात असें त्यांस दिसलें. अर्थात् तो आहार त्या काळच्या तेथील गरिबांचा होता, आणि दूध-ताक खाणाऱ्या आपल्या लोकांनीं तो निकाल जसाच्या तसा स्वतःस लावण्याची घाई करूं नये.

१९४१ च्या डिसेंबरांत युद्ध भडकतांच जपानी सैन्यानें कॉलेजाचा ताबा घेतला, आणि एकवीस वर्षांचा उद्योग थांबला. १९४४ सालीं वू चुंगकिंग येथें पोहोंचले व सरकारच्या आहारविषयक कामास लागले. युद्धानंतर पेकिंगला परतून त्यांनीं पुनः एक संस्था उभारावयास घेतली. पण १९४७ सालीं ते अमेरिकेस गेले ते कायमचेच. १९४९ च्या राज्यक्रांतीच्या वर्षीं कुटुंबहि तिकडे आलें. अलाबामा येथें ते अध्यापन करीत होते, तोंच हृदयविकारानें गांठलें व काम सोडावें लागलें. ता. ८ ऑगस्ट १९५९ रोजीं बोस्टन येथें, जेथें त्यांनीं जहाजांचा नाद सोडला होता त्याच शहरीं, त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं त्यांच्या पत्नीनें त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. रे वू हे त्यांचे पुत्र पुढें आनुवंशिक द्रव्याची वर्णमाला वाचण्याच्या शास्त्राचे एक आद्य संशोधक म्हणून नांवारूपास आले.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६१ सालीं, क्रिस्टियन अँफिन्सन यांनीं युरियानें व बंध तोडणाऱ्या द्रव्यानें उलगडलेलें एक प्रथिन, तीं द्रव्यें काढून घेतांच, आपलें आपण पुनः पूर्वीच्या घडींत बसतें व कामहि करूं लागतें असें दाखविलें. १९७२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें पाहावयास वू नव्हते. त्यांचा तेरावा लेख मात्र १९९५ सालीं, लिहिल्यापासून चौसष्ट वर्षांनीं, प्रथिनरसायनाच्या एका मान्यवर अमेरिकन ग्रंथमालेंत पुनः छापण्यांत आला. त्यास जोडून त्याचें महत्त्व सांगणारा लेख जॉन एड्सॉल यांनीं लिहिला. ते तेव्हां ब्याण्णव वर्षांचे होते.