संत जोसेफ वाझ

गोव्याच्या सासष्टी भागातील बाणावली या गावी २१ एप्रिल १६५१ रोजी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. बाणावली हे त्यांचे आजोळ. वडिलांचे गाव सांकवाळ. पोर्तुगीज आणि लॅटिन या भाषा ते बालपणीच शिकले व पुढील शिक्षणासाठी गोवे शहरी गेले. १६७६ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून ते अनवाणी चालू लागले. आपल्या भोवतालची गरीब माणसे जशी राहतात तसेच आपण राहावे, असा त्यांचा निश्चय होता.

त्या काळी गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता होती. स्थानिक तरुणाला धर्मगुरू होता येत असे. परंतु युरोपीय संन्यासी संघांची दारे त्याला बंद होती. विद्वत्ता असो वा सदाचार, जन्म आड येई. जोसेफ वाझ यांनी याविरुद्ध वाद घातला नाही. १६८५ साली जुन्या गोव्यात स्थानिक धर्मगुरूंचा एक छोटा समूह एकत्र राहून प्रार्थना व सेवा करू लागला होता. त्यांनी त्या समूहाला शिस्त लावली आणि त्यातूनच गोव्याचा ऑरेटरी संघ उभा राहिला. पुढे श्रीलंकेत जे कार्य झाले, ते याच संघाच्या बळावर.

त्यापूर्वी १६८१ ते १६८४ या काळात ते कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीत होते. तेथे केळदीच्या राणी चेन्नम्मा यांचे राज्य होते. याच राणीने पुढे छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच. कानड्यातील ख्रिस्ती समाजात त्या वेळी दुफळी माजली होती. धर्माधिकार गोव्याच्या आर्चबिशपांचा की रोमने नेमलेल्या बिशपांचा, असा तो तंटा होता. जोसेफ वाझ गोव्याकडून गेले होते, तरीही दुसऱ्या पक्षाशी त्यांनी नम्रतेने वागून भांडणाची धार कमी केली. गंगोळी, बसरूर, कल्याणपूर, मंगळूर असा मुलूख ते पायी फिरले.

परंतु त्यांचे मन श्रीलंकेकडे ओढ घेत होते. डच लोकांनी तेथील किनारा पोर्तुगिजांकडून जिंकला होता व कॅथलिक धर्मगुरूंना तेथे येण्यास बंदी केली होती. कित्येक वर्षे तेथील कॅथलिकांना एकही धर्मगुरू उरला नव्हता. १६८६ साली ते गोव्याहून निघाले. सोबत जुआंव नावाचा एक सेवक होता. १६८७ साली मजुराच्या वेषात ते श्रीलंकेत उतरले आणि जाफना येथे आले. प्रवासाच्या हालांमुळे ते आजारी पडले. बरे झाल्यावर ते भिकाऱ्यासारखे गळ्यात जपमाळ घालून दारोदार हिंडू लागले. माळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो, यावरून ते आपली माणसे ओळखत. प्रार्थना रात्री गुपचूप होत. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी छापा घातला. जमलेल्या अनेकांना पकडून कठोर शिक्षा केल्या. जोसेफ वाझ मात्र निसटले.

१६९२ साली ते डोंगराळ भागातील कँडी या स्वतंत्र राज्यात गेले. तेथे पोर्तुगिजांचे हेर ठरवून त्यांना कैदेत टाकण्यात आले. तुरुंगातही ते स्वस्थ बसले नाहीत. सिंहली भाषा शिकले. तमिळ तर त्यांना आधीच येत होती. पुढे दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना राज्यात मोकळेपणाने धर्मकार्य करू दिले, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता अधिक विलक्षण वाटते.

१६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. राजा व सधन लोक नगर सोडून गेले. भयाने माणसे आपल्याच घरातील रोग्यांना रानात नेऊन टाकू लागली. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे दोघे मात्र तेथेच राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांना अन्न-पाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना पुरले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले नाही. त्या काळी देवीवर औषध नव्हते. लस यायला अजून शंभर वर्षे होती. साथ ओसरली तेव्हा राजासह सर्वांच्या मनात त्यांच्याविषयी आदर दाटला होता. पावसाची कथा ऐकून अनेकांना नवल वाटते. पण या माणसाची खरी ओळख या झोपड्यांतच होते.

गोव्याहून सहकारी येत राहिले. त्यांपैकी दिवाडी बेटावरील फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ साली आले व त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. जोसेफ वाझ यांना मोठे धर्मपद देऊ केले गेले. त्यांनी ते स्वीकारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यानंतर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात, समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद दिले. दरवर्षी १६ जानेवारीला सांकवाळ येथे त्यांचा सण साजरा होतो.