विश्लेषण : कुकरची शिट्टी, ‘शकुंतला’चा बॉयलर आणि डेनिस पापँ

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर धावली. तिचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले होते. अकोला-अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्येही एकेकाळी बॉयलर धगधगत. वाफ कोंडायची, पण भांडे फुटू द्यायचे नाही, या प्रश्नाला कामाला येईल असे पहिले उत्तर एका फ्रेंच डॉक्टरने दिले होते.

डॉक्टर भांड्याकडे कसे वळले?

डेनिस पापँ यांचा जन्म १६४७ चा, ब्लुआ शहराजवळचा. शिक्षण वैद्यकाचे, ओढ मात्र यंत्रांची. पॅरिसमध्ये हॉयगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांचे ते सहायक होते. १६७९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे ‘डायजेस्टर’ मांडला. घट्ट झाकणाच्या या भांड्यात हाडेही मऊ शिजत. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांपुढे तापत नाही. हवेच्या दाबावर चौरस सेंटिमीटरला आणखी एक किलो दाब चढला, की ते सुमारे १२० अंशांना उकळते. आजच्या प्रेशर कुकरचे गणित हेच.

अडचण कुठे होती?

झाकणात. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर एवढ्या दाबाने तीन क्विंटलांहून अधिक जोर येतो, म्हणजे कापसाच्या जवळपास दोन गाठींचे वजन खालून वर ढकलते. व्यास दुप्पट केला तर झाकणावरचा जोर चौपट होतो आणि भांड्याचा पत्राही दुप्पट जाड लागतो. त्यामुळे मोठे भांडे करणे म्हणजे लहान भांड्याचे नुसते माप वाढवणे नव्हे. पापँ यांनी झाकण स्क्रूने आवळले, पण आवळून भागत नाही. चुलीवरचा जाळ वाढला की दाब वाढतच राहतो.

मग त्यांनी झाकणाला एक बारीक छिद्र ठेवले, त्यावर बूच बसवले आणि बूच दाबून धरायला वजन अडकवलेली दांडी. वजन दांडीवर पुढे-मागे सरकवले की वाफ किती दाबाला सुटेल ते ठरते. छिद्राचे क्षेत्रफळ आणि वजन माहीत असले की दाबही आकड्यात सांगता येतो. भांडे कुठे फाटेल हे नशिबावर न सोडता वाफ कुठून बाहेर पडेल हे आधीच ठरवणे, ही या माणसाची खरी कमाई. आतली उष्णता मोजायलाही त्यांनी साधी युक्ती केली: झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती सेकंदांत उडतो ते लंबकावर मोजायचे.

पुढे काय बदलले?

धावत्या इंजिनात धक्क्यांनी वजन उसळते, म्हणून रेल्वेत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आला. भारतात १९२३ च्या कायद्याने बॉयलरची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली. दाबाची चाचणी पाणी भरून घेतात, हवा भरून नव्हे. पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा उघडला तर ते गळते, पण स्फोट होत नाही.

पापँ यांच्या वाट्याला काय आले?

फार थोडे. ते प्रोटेस्टंट होते आणि १६८५ नंतर फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांना थारा उरला नाही. ते जर्मनीत प्राध्यापक झाले. १६९० मध्ये त्यांनी वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १७०७ मध्ये चाकांची बोट घेऊन ते नदीमार्गे निघाले, पण म्युंडेनला नावाड्यांनी हक्काच्या भांडणात ती मोडून टाकली. (तिला अनेकदा वाफेची बोट म्हटले जाते, बहुधा ती माणसांच्या बळावर चालत होती.)

लंडनला परतल्यावर रॉयल सोसायटीने हात आखडता घेतला. १७१२ मध्ये न्यूकोमेनचे दट्ट्याचे इंजिन इंग्लंडच्या खाणीवर पाणी उपसू लागले, तेव्हा पापँ त्याच देशात कफल्लक अवस्थेत होते. त्यांचा शेवट कधी झाला हे तीनशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. अलीकडे लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या दफन नोंदवहीत त्यांचे नाव सापडले. तारीख आहे २६ ऑगस्ट १७१३.